कन्कशन आणि एआय: लाल दिवा चालेल, हिरवा नको

प्रश्न थोडक्यात असा. शाळेचे कबड्डी आणि फुटबॉलचे संघ आहेत, मुलंमुली १२ ते १७ वयाची. एका कंपनीनं मोबाईल ॲप देऊ केलंय. डोक्याला मार लागला की फोन चेहऱ्यासमोर धरायचा. ॲप डोळ्यांची हालचाल, बोलण्याची लय आणि प्रतिसादाचा वेग पाहून दोन मिनिटांत दिवा दाखवतं: कन्कशनचा, म्हणजे धक्क्यानं मेंदूचं काम तात्पुरतं बिघडल्याचा, संशय असेल तर लाल, नसेल तर हिरवा. पैसे घेणार नाहीत, 'ॲप सुधारण्यासाठी माहिती वापरू' एवढीच अट. घ्यावं का, आणि नैतिकदृष्ट्या ते बरोबर आहे का?

लाल दिव्यापुरतं घ्या, तेही हिरवा दिवा बंद करून मिळत असेल तर. नसेल मिळत तर नको. कारण सांगतो. हॉस्पिटलात एआय कुठे खरोखर कामाला येतं तेही सांगतो, कारण मैदानावरचं काम आणि सीटीच्या खोलीतलं काम यांची गल्लत सर्रास होते आणि विक्रेते ती होऊ देतात.

कन्कशन सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. धक्क्यानं मेंदूच्या पेशींमधला क्षारांचा तोल बिघडतो, तो सावरायला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच पुरवठा अपुरा पडतो. रचना मात्र जागच्या जागी असते. म्हणून निदान होतं ते विचारून आणि तपासून. यासाठी सध्या सर्वमान्य साधन म्हणजे स्कॅट-६. खेळातल्या कन्कशनवर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या परिषदेतून ते आलं आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात २२ लक्षणांना ० ते ६ गुण, म्हणजे जास्तीत जास्त १३२. दहा शब्दांची यादी तीनदा. आकडे उलटे, महिने उलटे. तोल पाहायला तीन पवित्र्यांत २०-२० सेकंद उभं राहणं. नीट करायचं तर १० ते १५ मिनिटं लागतात, आणि पहिल्या ७२ तासांत त्याचा उपयोग सर्वांत जास्त. हे १३ वर्षांपासून पुढच्यांसाठी आहे. ८ ते १२ वयासाठी वेगळी आवृत्ती आहे, म्हणजे तुमच्या संघातल्या बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचे निकष लावणारं ॲप तिथेच बाद. हा प्रश्न विक्रेत्याला पहिला विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर पुढचं बोलणं लवकर संपेल.

आता हे ॲप शिकलं कशावर? हजारो नोंदींवर, ज्यांच्यापुढे कुणीतरी 'कन्कशन आहे' किंवा 'नाही' असं लिहिलं होतं. ते लिहिलं डॉक्टरनं, बऱ्याच अंशी खेळाडूनं सांगितलेल्या लक्षणांवरून. आणि खेळाडू लपवतो. संघातली जागा जाईल, सर ओरडतील, घरचे खेळणं बंद करतील, कारणं हजार. त्यामुळे यंत्र 'कन्कशन झालं का' हे शिकतच नाही. 'कन्कशन झाल्याची नोंद झाली का' हे शिकतं. क्षयरोगात थुंकीत जंतू सापडतो, हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं. तिथे यंत्राचं उत्तर ताडून पाहायला वेगळी कसोटी असते. इथे कसोटीच पोराच्या तोंडी, आणि ते पोर सांगतं, 'सर, काही नाही झालं.'

वेळेचाही घोळ आहे. ३१ जानेवारी २०२५ ला गहुंज्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत शेवटच्या षटकात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला. तो त्यानंतरचा चेंडूही खेळला. पुढच्या डावात तो उतरला नाही, हर्षित राणा कन्कशन बदली म्हणून आला. तशाला तसा बदली होता का यावर बराच वाद झाला, तो आपला विषय नाही. आपल्या कामाचं एवढंच की लक्षणं मार लागल्याच्या मिनिटाला दिसतीलच असं नाही. काही तासांनीही उमटतात. दोन मिनिटांत दिलेला हिरवा दिवा त्या दोन मिनिटांपुरताच खरा असतो. मुलं तो आठवडाभर वापरतात.

कंपनी '९० टक्के अचूक' म्हणते तेव्हा कागद-पेन घ्या. धरून चालू की ॲप कन्कशन झालेल्यांपैकी ९० टक्के पकडतं आणि न झालेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडतं. डोक्याला मार लागलेल्या १,००० मुलांत १०० जणांना खरंच कन्कशन असेल, तर ९० पकडली जातील, १० निसटतील, आणि ९०० धडधाकट मुलांपैकी ९० जणांना लाल दिवा लागेल. म्हणजे लाल दिवा लागलेल्यांत निम्मे निष्कारण बाहेर. हे चालतं, एक सामना हुकला तर कुणाचं काही बिघडत नाही. हिरव्यातले ते १० जण मात्र मेंदू सावरत असताना पुन्हा मैदानात जातात. दुसरा मार लागला तर बरं व्हायला कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि क्वचित कोवळ्या वयात मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीवही जातो. दोन चुकांचं वजन सारखं नाही, म्हणून दोन्ही दिव्यांना सारखा अधिकार देता येत नाही. माझ्या मते या विषयातली निम्मी नैतिकता या एका ओळीत येते, उरलेली निम्मी माहिती कुणाकडे जाते यात.

आणि खरं तर मैदानावर हिरव्या दिव्याला कामच नाही. संशय आला की त्या दिवशी खेळ बंद, हा नियम ठरलेला आहे. कबड्डीत पकड करताना चढाईपटूच्या गुडघ्यावर डोकं आपटलं, डॅश मारताना दोन बचावपटूंची डोकी एकमेकांवर बसली, पोरगं उठताना क्षणभर रिकाम्या नजरेनं बघतंय, चुकीच्या बाजूला निघालंय: एवढं पुरे, बदली खेळाडू उतरवा. ॲप लावायचं ते असं काही दिसलं नाही तेव्हा, 'आपल्याला काही दिसलं नाही, पण यंत्राला दिसतंय का' म्हणून. तुम्हाला संशय आला असेल तर यंत्रानं नाही म्हटलं तरी तो कायम राहतो.

मानेत दुखणं, दोन-दोन दिसणं, दिसेनासं होणं, आकडी, शुद्ध जाणं, उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एकापेक्षा जास्त हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, वाढती चिडचिड किंवा गुंगी, कवटीचा आकार बिघडलेला दिसणं. यातलं एकही असेल तर फोन खिशात ठेवा. मान न हलवता रुग्णवाहिका बोलवा, १०८. या मुलाच्या तोंडासमोर कॅमेरा धरून 'इकडे बघ' म्हणणं हीच चूक, कारण डोळ्यांमागे मान वळते.

हॉस्पिटलात चित्र वेगळं आहे. तिथे विचारायचं असतं, कवटीच्या आत रक्तस्राव आहे का? हे सीटीत दिसतं, आणि दिसणारी गोष्ट यंत्राला शिकवता येते. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या चमूनं २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेलं काम तीन लाखांहून अधिक सीटींवर उभं होतं, आणि त्यांनी ४९१ सीटींचा तपासणी-संच इतरांना खुला करून दिला. रात्री दोन वाजता, रेडिओलॉजिस्ट घरी झोपलेला असताना, दहा सीटींपैकी रक्तस्रावाचा संशय असलेली फाईल वर आणून ठेवणं हे काम असं सॉफ्टवेअर चांगलं करतं. तालुक्याच्या ठिकाणी तर ती मोठी सोय.

पण ते कुठे चुकतं हे वापरणाऱ्याला पाठ हवं. कवटीला चिकटून असलेला पातळ रक्ताचा थर, विशेषतः सीटीच्या चित्राचे काप ५ मिमी जाडीचे असतील तर, निसटू शकतो. आठ-पंधरा दिवस जुनं रक्त मेंदूच्याच रंगाचं दिसतं. पडलेले आजोबा दोन आठवड्यांनी आले तर ही केस हमखास. उलट, मेंदूतला नेहमीचा चुन्याचा (कॅल्शियमचा) ठिपका रक्त म्हणून दाखवला जातो. पेशंट हलला असेल तर काहीही. आणि सर्वांत मोठा धोका यंत्रात नाही, वाचणाऱ्यात आहे: 'संशयास्पद काही नाही' असं आधी स्क्रीनवर आलं की माणसाची नजर सैल पडते. म्हणून क्रम असा ठेवा की रेडिओलॉजिस्ट आधी स्वतःचं मत नोंदवेल, मग यंत्राचं उघडेल. वेळ थोडा जास्त लागतो. लागू द्या.

सीटी कुणाचा काढायचा हेही यंत्रावर सोडू नका. १६ वर्षांपुढच्यांसाठी २००१ पासूनचे कॅनेडियन नियम आहेत, यातलं एक जरी असेल तर सीटी: दोन तासांनीही पूर्ण भानावर नाही, कवटी मोडल्याची खूण, दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा पुढे, मार लागण्याआधीचं अर्ध्या तासाचं वा अधिक विस्मरण, वाहनाची धडक किंवा उंचावरून पडणं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर हे नियम लागू होत नाहीत, सीटीकडे झुकायचं. लहान मुलांसाठी निकष वेगळे, कारण किरणोत्सर्ग टाळायचा असतो. आणि सीटी 'नॉर्मल' आला तर रिपोर्टसोबत एक वाक्य रुग्णाला सांगितलंच पाहिजे: रक्तस्राव नाही, पण म्हणून कन्कशनही नाही असा याचा अर्थ होत नाही. एआयचा 'नॉर्मल' शिक्का त्या वाक्याची जागा घेतो तेव्हा मुलगा सोमवारी सरावाला येतो.

हॉस्पिटलनं असं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी निदान तीन महिने ते मुक्यानं चालवावं: उत्तर नोंदलं जाईल, पण डॉक्टरांना दिसणार नाही. मग ताळा घ्या. इथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. रक्तस्राव असलेल्या ५० सीटींत यंत्रानं एकही चुकवली नाही, तरी खरा चुकण्याचा दर ६ टक्क्यांपर्यंत असू शकतो (ठोकताळा असा: एकही चूक दिसली नाही तर तीनला केसेसच्या संख्येनं भागायचं, इथे तीन भागिले पन्नास). १०० सीटींत एकही नाही, तर ३ टक्क्यांपर्यंत. वीस-पंचवीस केसेसवर 'आमच्याकडे छान चालतंय' म्हणणाऱ्याला हे दाखवा.

आता भाषेकडे, कारण आपल्याकडे खरी पडझड इथे होते. लक्षणांच्या इंग्रजी यादीत धुक्यात असल्यासारखं वाटणं हे एक आहे. मराठी मुलाला 'धुक्यात असल्यासारखं वाटतं का?' विचारलं तर तो महाबळेश्वरला जाऊन येतो. तो म्हणतो 'डोकं बधिर झालंय', 'सुन्न वाटतंय', 'काही सुचत नाहीये'. 'चक्कर' या एका शब्दात गरगरणं, भोवळ येणं आणि नुसता अशक्तपणा तिन्ही येतात, आणि त्यांचे अर्थ वेगळे: गरगरत असेल तर कानातला तोलाचा अवयव तपासायचा, भोवळ असेल तर आधी रक्तदाब. ॲपनं नुसतं 'चक्कर: हो' नोंदवलं की ही माहिती गेली.

उलट्या आकड्यांची चाचणी घ्या. इंग्रजीत पाच, तीन सुटे वाचले जातात. मराठीत परीक्षक घाईत 'त्रेपन्न' म्हणाला की मुलाच्या कानावर आधी तीन पडतो, मग पन्नास. 'उलट सांग' म्हटल्यावर ते पोर काय उलटवणार? आकडे एकेक करून, सेकंदाला एक या गतीनं म्हणायचे. शब्दांच्या यादीचं आयत्या वेळी भाषांतर करू नका; 'फुलपाखरू' आणि 'घर' लक्षात ठेवायला सारखे नसतात. आणि अमेरिकन कॉलेजातल्या खेळाडूंच्या आवाजावर शिकलेलं ॲप कोल्हापूरच्या मुलाचा आवाज ऐकून 'उच्चार अडखळतोय' म्हणालं, तर दोष मेंदूत आहे की ॲपमध्ये हे कळायला मार्ग नाही.

कुणाशी तुलना करता यावर सगळं ठरतं, हे अमेरिकेत फार महागात शिकले. तिथल्या नॅशनल फुटबॉल लीगनं (आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक स्पर्धा) निवृत्त खेळाडूंशी मेंदूच्या इजांबाबत तडजोड केली. २०१५ मध्ये न्यायालयानं तिला अंतिम मंजुरी दिली. भरपाई ठरवताना स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्यांचे गुण वंशानुसार जुळवून घेतले जात. कृष्णवर्णीय खेळाडूंची मुळातली पातळीच कमी धरल्यामुळे, तितकेच गुण पडूनही त्यांची घसरण 'पुरेशी नाही' ठरे. दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये त्याला आव्हान दिलं, २०२१ मध्ये लीगनं ही पद्धत सोडायचं कबूल केलं आणि २०२२ मध्ये सुधारित करार मंजूर झाला. यात एआय नव्हतं, साधं कोष्टक होतं. एआयमध्ये असं कोष्टक आत दडलेलं असतं आणि ते कुणी वाचूही शकत नाही, एवढाच फरक.

यावर उपाय म्हणून मुलाची तुलना त्याच्याच हंगामापूर्वीच्या गुणांशी करा असं सांगतात. चांगलं आहे, पण सक्तीचं नाही, आणि त्यालाही पळवाटा आहेत. हुशार खेळाडू हंगामापूर्वीच्या चाचणीत मुद्दाम हळू उत्तरं देतात, म्हणजे नंतर मार लागला तरी गुण 'तेवढेच' येतात. हॉलमध्ये तीस मुलं एकदम बसवून, दंगा चालू असताना घेतलेले गुणही असेच निरुपयोगी. वाढत्या वयात ते दरवर्षी नव्यानं घ्यावे लागतात.

धक्क्याचा जोर मोजायला दातांवर बसवायच्या सेन्सरबद्दल थोडक्यात. वर्ल्ड रग्बी या रग्बीच्या जागतिक संघटनेनं २०२४ पासून वरच्या पातळीवर ते तपासणीच्या नियमांत आणले, पण तिथेही त्यांचं काम 'याला बाहेर बोलावून तपासा' असं सुचवण्यापुरतंच आहे. किती जोराच्या धक्क्याला कन्कशन होतं याचा आकडा नाही. मोठ्या धक्क्यानं काही होत नाही आणि छोट्यानं होतं, दोन्ही नेहमीचं.

आता 'माहिती वापरू' या अटीकडे. फुकट ॲपची किंमत इथे आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत, पण करार आज करताना त्याच धरून करा. प्रवेशअर्जाच्या तळाशी छापलेली 'सर्व उपक्रमांना संमती' इथे चालवू नका. संमतीपत्र वेगळं, मराठीत, एका पानाचं: चेहऱ्याचं चित्रीकरण होतं का, ते फोनवर राहतं की बाहेर जातं, किती महिन्यांनी पुसलं जातं, कुणाला दिसतं. ॲप सुधारण्यासाठी माहिती द्यायला नकार देणाऱ्या मुलालाही तपासणी तीच मिळाली पाहिजे. नकार दिला तर ॲप नाही, अशी अट असेल तर तिला संमती म्हणता येत नाही.

निकाल प्रशिक्षकाला किती दिसावा? 'आज खेळायचं नाही', बस्स. गुण, आलेख, 'धोक्याचा निर्देशांक' हे डॉक्टर आणि पालकांपुरतं. नाहीतर पुढच्या वर्षी संघ निवडताना कुणीतरी तो आलेख काढतो, आणि त्यानंतर एकही मूल खरं सांगत नाही. म्हणजे ॲप स्वतःच्याच माहितीत विष कालवतं.

फोन घरात एकच असतो, तो वडिलांकडे किंवा भावाकडे असतो, हेही ॲप बनवणाऱ्यांच्या डोक्यात नसतं. डोक्याला मार फक्त मैदानावर लागत नाही; घरात मारहाण झालेल्या बाईलाही कन्कशन होतं. 'आज डोकेदुखी कशी आहे? मार कसा लागला होता?' अशी सूचना मारणाऱ्याच्याच हातातल्या फोनवर उमटली तर पुढे काय होईल ते सांगायला नको. मोठ्यांसाठी असलेल्या कुठल्याही ॲपमध्ये सूचना आपोआप चालू नसाव्यात.

मुलं आणि पालक चॅटबॉटलाही विचारणारच. २०२० च्या भारतीय टेलिमेडिसिन नियमावलीनुसार एआयला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही; ते डॉक्टरच्या मदतीला असू शकतं. व्यवहारात इतकं सांभाळा: प्रश्न मार लागलेल्यानं टाईप करू नये. ज्याची स्मृतीच डळमळली आहे तो दोन उलट्यांपैकी एक विसरतो, आणि बॉट सांगितलेल्यावरच उत्तर देतो. शिवाय पहिले ४८ तास स्क्रीन कमीत कमी ठेवायची असते. दिवसातून चारदा फोनवर खेळ खेळायला लावणारं 'बरं होण्याचं ॲप' याच दिवसांत सुचवलं जातं, हा मोठाच विनोद.

घ्यायचं ठरलं तर करारात या गोष्टी लिहून घ्या. हिरवा निकाल बंद, त्याजागी 'लक्षण आढळलं नाही, निरीक्षण चालू ठेवा' असा मजकूर. मराठी बोलणाऱ्या, तुमच्या वयोगटातल्या मुलामुलींवर किती तपासण्या केल्या, मुली किती, हे लेखी. ॲपची आवृत्ती बदलली की आधी कळवणं. प्रत्येक वापराची नोंद: तारीख-वेळ, आवृत्ती, निकाल, माणसाचा निर्णय, आणि दोन्ही वेगळे असतील तर एका ओळीत कारण. वाद झाला तर हीच वही कामाला येते, कारण 'ॲप म्हणालं' हे उत्तर ना पालक ऐकून घेतील ना न्यायालय.

परत खेळायला सोडण्याचा रस्ता ॲपशिवायच आखलेला आहे. २४ ते ४८ तास हलकी विश्रांती, मग हलका व्यायाम, एकट्यानं धावणं-वळणं, धक्का नसलेला सराव, पूर्ण सराव, सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. व्यायामानं लक्षणं किंचित वाढून तासाभरात बसली तर ठीक, त्याहून जास्त वाढली तर त्या दिवशी थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पायरी. धक्का नसलेल्या सरावाच्या आधी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत, आणि धक्क्याच्या सरावाला सोडताना डॉक्टरची सही. मुलांना यात चार आठवडेही लागतात. शाळेचा अभ्यास पूर्ववत झाल्याशिवाय सामना नाही.

कंपनी हिरवा दिवा बंद करायला नाही म्हणाली, तर तो नकार ईमेलवर मागून घ्या. पालकसभेत 'फुकट मिळत होतं, मग का नाही घेतलं?' असं कुणीतरी विचारणारच आहे.